माकी आपल्या माणसांवर भुंकत नाहीत

जंगलातले माकी लेमूर भुंकायला लागले तेव्हा वुलाझारा अंगणात बसून चिंच राखेत कालवत होती. केरे पडला, म्हणजे शेतं करपली, कसावा संपला आणि निवडुंगाची बोंडंही संपली, की मांद्रारे नदीकाठची माणसं हेच खातात. राखेनं आंबटपणा मरतो, पोटात गोळा बसतो आणि काहीतरी खाल्ल्याचं समाधान मिळतं. समाधान हा शब्द जरा जास्तच झाला, पण दुसरा सुचत नाही.

आधी जंगलातून नुसतं चक-चक ऐकू आलं. मग एक भुंकला, दुसरा भुंकला आणि बघता बघता सगळी टोळी एका सुरात भुंकायला लागली. वुलाझाराचे हात काथवटीतच थांबले. आकाशात ससाणा दिसला तर माकी किंचाळतात आणि शेंड्यावरून खाली दाट पानांत घुसतात. ही ओरड तशी नव्हती. झाडाखाली, जमिनीवर काहीतरी होतं आणि टोळी वरून त्याच्यावर भुंकत होती. एवढं तर त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणूनच तिच्या पाठीमागच्या घराघरांतून माणसं बाहेर पडली. कोणी भाला उचलला, कोणी कुऱ्हाड. बायकांनी शेळ्या आणि पोरं आत ओढली. मानांबी, तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा, ठासणीची बंदूक घेऊन धावत आला. गावात बंदूक एकच, आणि ती चालवण्याची खुमखुमीही एकालाच.

"काकू, त्सिवेरी कुठाय? भाला घेऊन ये म्हणावं."

वुलाझारानं मान वर केली नाही. "नदीला गेलाय. पाण्याला."

"आत्ता? या वेळेला?"

"तहान वेळ बघून लागते का रे?"

मानांबी गेला. ती खोटं बोलली होती. तिचा मुलगा नदीला गेला नव्हता. नदीला गेला असता तर घडा घेऊन गेला असता. दुपारी त्यानं आढ्याला टांगलेला घायपाताचा दोर काढला होता, फुत्सी कुत्र्याला शीळ घातली होती आणि तो जंगलाच्या वाटेनं गेला होता. दोराच्या टोकाला फास होता. तो तिनं बघितला. ती बघते आहे हे त्यानंही बघितलं. दोघंही काही बोलले नाहीत.

*

वुलाझारा या गावची नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती पाण्याला निघाली, तर चिंचेखाली दहा-बारा माकी ओळीनं बसलेले. शेपटीवर काळीपांढरी कडी, मांजराएवढं अंग, कोल्ह्यासारखं तोंड. आणि बसण्याची तऱ्हा अशी की मांडी घातलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर पसरलेले आणि पांढरं पोट उन्हाला लावलेलं. रात्रीच्या थंडीनं आखडलेलं अंग ते असं शेकतात. ती त्यांच्या पुढून जाऊ लागली तशी सासूनं दंडाला धरून मागे ओढली.

"त्यांच्या उन्हात येऊ नकोस. मागून जा."

"का?"

"थोरल्या माणसांच्या पुढून जातेस का तू माहेरी?"

माकी तिच्या माहेरीही कोणी मारत नसे, खात तर नसेच. पण इथं त्याच्या पलीकडचं नातं होतं. फार पूर्वीच्या एका केऱ्यात या कुळातली एक बाई तान्हं पोर पोटाशी बांधून जंगलात गेली, आणि भुकेनं मरण्याऐवजी झाडावर चढली, ती परत उतरलीच नाही, असं इथं सांगतात. माकीण पिल्लाला अजून तशीच पोटाशी घेऊन फिरते. तेव्हा माकी मारणं म्हणजे घरातलं माणूस मारणं, आणि खाणं म्हणजे तर विचारूच नका. जो मारील, खाईल किंवा खायला मागेल त्याला कुळाच्या थडग्यांत जागा नाही. मेल्यावर त्याला जंगलापलीकडे एकट्याला पुरायचं, वर दगड रचायचे नाहीत, शिंगं ठेवायची नाहीत. बाहेरच्या माणसाला ही शिक्षा किरकोळ वाटेल. त्यानं या माणसांमध्ये थोडे दिवस राहून बघावं. इथं जिवंतपणी माणूस काट्याकुड्यांच्या खोपटात राहतो आणि जन्मभराची गुरं थडग्यासाठी जमवतो. खरं घर तेच.

वुलाझारा तोंडाची तिखट. माकींचं तिला आवडायचं ते हे की तिथं बायकांचं राज्य असतं. टोळी कुठं जाणार ते माद्या ठरवतात, चिंचा आधी त्या खातात, दुसऱ्या टोळीशी भांडायला पिल्लं पाठीवर घेऊन त्याच पुढे होतात. एखाद्या नरानं मध्येच हात घातला की फाडकन थोबाडीत बसते आणि तो गुमान मागे सरकतो.

"बघ," ती नवऱ्याला म्हणायची. "शीक काहीतरी."

रेलाही तिचा नवरा. तो हसायचा. "तिथं निदान मिरवायला शेपूट तरी मिळतं. मला काय मिळतंय?"

नरांची भांडणं तर तिच्या खास करमणुकीची. मनगटाचा वास शेपटीला चोळायचा आणि ती झुबकेदार शेपटी एकमेकांच्या नाकासमोर हलवत राहायची, ज्याला वास सोसवेना तो पळाला. रक्ताचा थेंब नाही. गावच्या बैठकीतून रेलाही परतला की ती विचारायची, "काय, आज कोणाच्या शेपटीला जास्त वास आला?" आणि तो तिला सगळं साग्रसंगीत सांगत बसायचा. सुखाचे दिवस होते. दोन मुलं जन्मून गेली तेवढं दुःख सोडलं तर सुखाचेच. तिसरा जगला, त्याचं नाव त्सिवेरी ठेवलं. त्सिवेरी म्हणजे न हरवलेला.

तो रांगत होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी जंगलात माकी भुंकले आणि पुरुष म्हणाले, रानमांजर असेल. रानमांजर नव्हतं. गुरं पळवणारे होते, अंधार पडायची वाट बघत चिंचांखाली बसलेले. त्यांनी गावाची अर्धी गुरं नेली. रेलाही माग काढत गेला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला.

थडग्यावर शेवटचा दगड बसला तेव्हा बायकांनी गप्प राहायचं असतं. वुलाझारा राहिली नाही. सगळ्या पुरुषांच्या तोंडावर ती म्हणाली, "माकी आपल्या माणसांवर भुंकत नाहीत. आपण चिंचा वेचतो, लाकडं तोडतो, कधी भुंकलेत? ते भुंकले म्हणजे खाली परका आहे. यापुढे भुंकले की भाले उचलायचे आणि मग विचार करायचा. आधी विचार करणाऱ्यांनी माझ्या माणसाला मारलं."

म्हातारा रेतूंगा तेव्हाही कुळाचा थोरला होता. त्याला ते पटलं. तेव्हापासून गावाचा तोच नियम झाला. नंतरच्या वर्षांत चोर पुन्हा आले, तेव्हा जंगलाच्या तोंडावरच भाल्यांची रांग बघून पळाले. गुरं वाचली, माणसं वाचली, आणि श्रेय वुलाझाराला मिळालं. आज तिचाच नियम तिच्या पोरावर भाले रोखायला निघाला होता.

*

ती हात पुसून उठली. घरात तेझा, तिची सून, विस्तवाजवळ पडली होती. बाळंत होऊन फार दिवस झाले नव्हते. बाळ छातीला लावलेलं होतं आणि चोखून चोखून थकून नुसतं तोंड हलवत होतं. दूध यायला अंगात काहीतरी लागतं. राखेतल्या चिंचेनं दूध येत नाही.

"काय झालं, आई? कशावर भुंकतायत?"

"काही नाही. पडून राहा."

"हे कुठायत?"

"येईल."

वुलाझारा पुरुषांच्या मागोमाग निघाली. बायकांनी यायचं नसतं, पण तिला परत जा म्हणायची कोणाची छाती होत नसे. गाव आणि जंगल यांच्यामध्ये फड्या निवडुंगाचं कुंपण आहे. त्याच्या आडोशाला पुरुष वाकून बसले होते. सूर्य नदीपलीकडे कलला होता, पण उजेड होता. समोर मोकळं रान, मग चिंचांची रांग, डावीकडे कुळाची थडगी, दगडांचे मोठे चौथरे आणि वर बैलांची पांढरी शिंगं. त्यांतलं जंगलाच्या बाजूचं थडगं रेलाहीचं. त्याच्या शेजारची जागा तिची.

भुंकणं जवळ येत होतं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर टोळी सरकत होती, म्हणजे खालचं जे काही होतं ते चालत होतं, आणि गावाकडेच येत होतं.

"बरेच आहेत," मानांबी कुजबुजला. "एकट्यादुकट्यासाठी एवढा गोंधळ नाही करत."

"गावातलं कोणी आत नाही ना?" रेतूंगानं विचारलं.

"सगळे इथं आहेत, बाबा. त्सिवेरी तेवढा नाही. तो नदीला गेलाय."

म्हाताऱ्यानं मान वळवून वुलाझाराकडे बघितलं. "नदीलाच ना?"

ती काय सांगणार होती? आत माझा मुलगा आहे, असं म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच होता. आपल्या माणसावर माकी का भुंकतायत? याचं एकच उत्तर होतं आणि ते या कुंपणामागे बसलेल्या प्रत्येकाला कळलं असतं. मग त्सिवेरीला बापाशेजारी जागा नाही. ज्या बापाचा चेहराही आठवत नाही त्याला तो मेल्यावरही भेटणार नाही. शिवाय, तिनं स्वतःला समजावलं, कशावरून तोच आहे? जंगल मोठं आहे. तो कधीच परत फिरला असेल. फास टाकताना धीर सुटला असेल त्याचा. चोरच असतील, आणि आपण हाक मारली तर सावध होऊन तेच आधी गोळ्या घालतील. मग ही सगळी माणसं आपल्या तोंडामुळे मेली असं होईल.

"नदीलाच," ती म्हणाली.

मानांबीनं बंदूक निवडुंगाच्या पानावर टेकवली. बाकीच्यांनी भाले हातात तोलले. वुलाझारा मनात एकच घोकत होती, तो नसू दे, तो नसू दे.

आता पहिले माकी दिसायला लागले. माद्या पुढे होत्या, पोटाशी पिल्लं घट्ट धरून फांद्यांवरून झेपा टाकत, थांबून खाली बघून भुंकत आणि पुन्हा पुढे येत. भुंकून झालं, परका निघून चालला, की टोळी एरवी गप्प होते आणि पाला खायला लागते. पाठलाग करत नाही. यांना काय झालं होतं?

मग त्या गदारोळाखालून तिला बारीक आवाज आला. केविलवाणा, अखंड. जमिनीवरून येत होता. माकीच्या पिल्लाचा.

तेव्हा तिला सगळं कळलं. चोर माकीचं पिल्लू घेऊन कशाला फिरतील? फासात मादी सापडली होती, आणि तिच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू तिला सोडत नव्हतं. टोळी त्या पिल्लासाठी मागे येत होती. आणि तिचा वेडा पोरगा, हातात काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून, वाट सोडून झुडपांतून वाकून येत होता. अगदी चोरासारखा.

झुडूप हललं. मानांबीनं डोळा मिटून नेम धरला.

"त्सिवेरी!"

ती उभी राहिली होती. कुंपणाच्या वर तिचं डोकं आणि छाती दिसत होती, आणि ती पुन्हा ओरडली. "त्सिवेरी, उभा राहा! हात वर कर!"

"खाली बस, काकू!" मानांबीनं तिचं लुगडं धरून ओढलं. तिनं त्याच्या हातावर फटका मारला, बंदुकीची नळी धरली आणि जमिनीकडे दाबली.

झुडपातून आवाज आला. "आई?"

*

तो बाहेर आला. अंगात काडी नाही, डोळे खोल गेलेले, पायाशी शेपूट पाडून फुत्सी. खांद्यावरची चादर त्यानं छातीशी गोळा करून धरली होती आणि आतून ते रडणं येत होतं. भाले हळूहळू खाली आले. डोक्यावर चिंचेत बसून टोळी त्याच्यावर भुंकत होती आणि सगळा गाव ते ऐकत होता.

रेतूंगा काठी टेकत पुढे झाला. "खाली ठेव."

त्सिवेरीनं चादर उलगडली. मेलेली मादी, गळ्यात अजून फास. तिच्या पोटाच्या केसांत दोन्ही मुठी रोवून पिल्लू लटकलं होतं.

"कुत्र्याला बांधा," म्हातारा म्हणाला. "आणि सगळे मागे सरा. आधी याचं बघू दे."

माणसं निवडुंगापर्यंत मागे आली. पिल्लू आईच्या अंगावर सरपटत, ओरडत होतं. किती वेळ कोणीच उतरलं नाही. पिल्लाचा आवाज बसत चालला, आणि वुलाझाराला वाटलं, आता हेही गेलं. मग एक मादी बुंध्यावरून उलटी उतरली. तिच्या पोटाशी स्वतःचं पिल्लू होतंच. तिनं मेलेलीला हुंगलं, माणसांकडे बघितलं, पुन्हा हुंगलं. पिल्लानं आईचे केस सोडले आणि तिच्या पाठीवर चढलं. तिनं झटकलं नाही. ती दोघांना घेऊन वर गेली आणि भुंकणं एकेक करून थांबलं.

आता बोलायला जागा झाली, आणि सगळ्यांना ती नकोशी होती.

"पाण्याला गेलाय म्हणालीस," रेतूंगा म्हणाला.

"खोटं बोलले."

"आणि मी त्याला गोळी घातली असती," मानांबी म्हणाला. "काकू, मी घातलीच असती."

"माहीत आहे मला."

म्हातारा त्सिवेरीकडे वळला. "कोणासाठी मारलंस?"

त्सिवेरीनं तोंड उघडलं. तेझाचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि ते एकदा बाहेर पडलं असतं तर तिची जागा गेली असती, त्याची स्वतःची तर गेलीच होती, आणि दुधासाठी रडणाऱ्या त्या बाळाला पुढे कोणत्या थडग्यावर न्यायचं हा प्रश्न उरला असता. वुलाझारानं त्याला बोलू दिलं नाही.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी मागितलं."

"आई, काय बोलतेस?"

"तू गप. बाबा, मला भूक सोसेना. म्हातारी झाले, तोंडावर ताबा राहिला नाही. मी म्हटलं, मला माकी आणून दे. तो नको म्हणत होता. मी पाठवलं."

तिला स्वतःला हे पूर्ण खोटं वाटत नव्हतं. दुपारी तो फास तिनं बघितला होता. नको म्हणायला एक शब्द पुरला असता आणि तो तिनं गिळला होता, कारण सून विस्तवाजवळ वाळत होती आणि तिला त्या बाळाचं रडणं ऐकवत नव्हतं. गप्प बसणं म्हणजे मागणंच की.

रेतूंगा तिला नवरी होऊन आल्यापासून ओळखत होता. तिनं कधी स्वतःसाठी मक्याचं कणीसही मागून घेतलेलं त्याला आठवत नसणार.

"तुला ठाऊक आहे, मागणाऱ्याचं काय होतं?"

"ठाऊक आहे. ज्यानं ऐकलं त्याचं काय होतं ते सांगा."

"आईचं ऐकलं. तो एक बकरा देईल, बकऱ्याच्या रक्तानं रान शिंपेल. त्याची जागा राहील."

"त्याच्या बायकोची? पोराची?"

"त्यांचा काय संबंध?"

"मग झालं," वुलाझारा म्हणाली.

त्सिवेरी रडत होता. मोठा बाप्या, पण हमसून हमसून. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर तिचाच बांध फुटला असता.

"मला सांगून भागत नाही," रेतूंगा हळू आवाजात म्हणाला. त्याला हे म्हणणं जड जात होतं. "थडग्यांकडे तोंड करून सांग. त्यांनी ऐकायला हवं. ज्याचं नातं तुटतंय त्यानं ऐकायला हवं."

वुलाझारा निवडुंगातून वाट काढत थडग्यांकडे गेली. रेलाहीच्या चौथऱ्यापासून चार हातांवर थांबली. याहून पुढे जायचा हक्क तिनं आत्ताच घालवला होता. दगडांवर शेवटचं ऊन होतं. आयुष्यभर ती या माणसाशी फटाफट बोलत आली होती, तो गेल्यावरही, लाकडं वेचता वेचता, गावाच्या साऱ्या कागाळ्या सांगत. आज तिला सुरुवात करता येईना. मागे सगळा गाव उभा होता.

"मी आहे रे," ती शेवटी म्हणाली. "माकी मी मागितला. पोराचा काही दोष नाही, त्याला आत घे वेळ आली की. नातू झालाय तुला, त्यालाही घे." तिनं चौथऱ्यावरच्या शिंगांकडे बघितलं. "माझी वाट बघू नकोस. मी येत नाही."